सगुणदादांचं पांढरं फडकं

सगुणदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी टॅक्सी घेऊन नुकताच मोपाच्या विमानतळावर पोहोचलो होतो. हात चावीकडे गेला आणि थांबला... लांबून आलेलं इंजिन एकदम बंद करायचं नाही, हे त्यांनीच शिकवलेलं.

गोव्यात डिचोलीच्या खाणीवरून आमोण्याच्या नदीधक्क्यावर खनिज नेणारा एकच ट्रक आम्ही आळीपाळीने चालवायचो. एक दिवस ते, एक दिवस मी. ते दोडामार्गचे, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. सकाळी इंजिन सुरू केल्यावर विडी संपेपर्यंत गाडी हलवायचे नाहीत. संध्याकाळी एअर फिल्टर झाडायचे आणि त्यामागच्या पाइपात बोटाला पांढरं फडकं गुंडाळून फिरवायचे. ते पांढरंच बाहेर आलं, म्हणजे इंजिनात धूळ गेली नाही असं कळलं, की खूश. मी चिडवायचो, "दादानूं, बायलेचे तरी इतके लाड करतात काय?"

"ती तोंडान सांगता रे. ह्येका तोंड खंय आसा?"

मी घाईचा माणूस. एका उन्हाळ्यात खाणीच्या लाल धुळीने फिल्टर तुंबला, ट्रक चढ ओढेना. मी फिल्टरच काढून सीटमागे टाकला. ट्रक सुसाट निघाला. मग महिनाभर माझ्या पाळीला हेच; संध्याकाळी दादांना कळू नये म्हणून पाइप पुसून फिल्टर परत बसवायचो. ती लाल धूळ आत पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर खरवडत होती, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही.

झिजलेल्या इंजिनाचा निळा धूर येऊ लागला. मालक पाहायला आले, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी पाइप पुसायचं विसरलो होतो. दादांनी फडकं फिरवलं. लाल निघालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं... आणि फडकं खिशात घातलं.

"सगुण, रोज फिल्टर उघडून उघडून तूच हे इंजिन खाल्लंस," मालक म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

"बरां," दादा म्हणाले. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. बोललो नाही.

त्यांना पुन्हा कुणी ट्रक दिला नाही. काजूच्या बागेत राबले. कधी भेटले की विचारायचे, "फिल्टर झाडतंस मा?" मी मान हलवायचो.

बाराव्याला गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. "ह्यां ते आसताना सांगाक होयां हुतां," त्या एवढंच म्हणाल्या. निघताना मी दादांच्या हत्यारांच्या पेटीतलं एक पांढरं फडकं मागून घेतलं.

धक्क्यावरचे जुने ड्रायव्हर अजून त्यांना 'इंजिन खाणारो सगुण' म्हणतात. ते इंजिन मी खाल्लं.

आता रोज संध्याकाळी टॅक्सीचा फिल्टर काढून मागच्या पाइपात ते फडकं फिरवतो. पांढरंच निघतं. तरी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहतो.