चारी बाजूंनी फिरणारा स्टार्टर

माझ्या मुलीच्या आयुष्यातली पहिली स्पर्धा मी जवळजवळ एकट्याच्या हिमतीवर बुडवली होती. त्यात कोणाची मदत घेतली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

स्पर्धा होती कॉम्प्युटरवरच्या मारामारीच्या खेळाची. पडद्यावर दोन गडी समोरासमोर उभे राहतात, एकमेकांना लाथाबुक्क्या घालतात, एक आडवा पडला की खेळ खलास. आमची प्रज्ञा अकरावीत आहे आणि या खेळात तिचा हात असा काही चालतो की जळगाव जामोदमधली तिच्या वयाची पोरं तिच्याशी खेळायला टाळाटाळ करतात. खामगावच्या एका कॉलेजात स्पर्धा आहे असं तिला कळलं आणि घरात परवानगीचा अर्ज दाखल झाला. अर्ज अर्थातच माझ्याकडे नाही, सविताकडे. माझी बायको अंगणवाडी सेविका आहे. तीस-चाळीस लेकरांना ती नुसत्या नजरेनं खाली बसवते, तिथं आम्हा दोघांची काय कथा!

"जाय," ती आठ दिवसांनी म्हणाली. "पण पह्यल्याच फेरीत हारून आली, तं थो लॅपटॉप कपाटात. बारावी होईपर्यंत बाहेर निंघनार नाई. समजलं?"

"समजलं," प्रज्ञा म्हणाली.

"तुमाले समजलं काय?" हे मला. (घरातला कोणताही गुन्हा आधी माझ्या नावावर नोंदवायची तिची पद्धत आहे.)

म्हणजे एक फेरी जिंकली की लॅपटॉप वाचला, हरली की दीड वर्ष कुलूप. प्रज्ञा त्या दिवसापासून नीट जेवेना. आणि नेमकं अशा वेळी मी मदतीला धावलो!

प्रज्ञा खेळते गेमपॅडवर. दोन्ही हातांत धरायचं, अंगठ्यांनी दाबायचं, एवढंसं यंत्र. तिचं पॅड जुनं झालं होतं, एक बटण अधूनमधून रुसून आतच बसायचं. तिनं बिचारीनं एवढंच विचारलं, "बाबा, नवीन पॅड घेऊ काय?"

आता मी म्हणजे ज्युनिअर कॉलेजातला प्रयोगशाळा सहायक. परीक्षानळ्या धुता धुता माणसाला आपण शास्त्रज्ञ आहोत असं वाटायला लागतं. त्यात लहानपणी बसस्टँडमागच्या व्हिडिओ पार्लरमध्ये मी एका नाण्यात तासभर टिकायचो. तिथं पॅड नव्हतं, कमरेएवढं मशीन होतं. डाव्या हाताला दांडी, उजव्या हाताला बटणं. त्यालाच आता आर्केड स्टिक म्हणतात, फक्त ती मांडीवर घेऊन खेळतात.

"पॅड?" मी म्हणालो. "अवं, पॅडवर माणूस मेसेज टाइप करते! लढाईले मूठ पाह्यजे. दांडी पाह्यजे!"

"बाबा, माहा हात पॅडवर बसला हाय."

"बसला असन तं उठव त्याले."

"आठ दिवसात स्टिक कशी जमन मले?"

"माही पोरगी हायस तू. रक्तात हाय तुह्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. (त्या नजरेचा अर्थ मला नंतर कळला.) मग म्हणाली, "बरं." मी समजलो, पटलं.

विकतची स्टिक वेळेत पोचणार नव्हती. म्हणून मी गेलो रहीमभाईंकडे. रहीमभाई शेतातल्या मोटारी दुरुस्त करतात. वायंडिंग, पंप, मोटार चालू-बंद करायचे स्टार्टर, सगळं. त्यांना मी वहीच्या पानावर चित्र काढून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, चित्र उलटं धरून पाहिलं, मग सुलटं.

"सर, ये चलता किसपे है?"

"लॅपटॉपवर."

"और पानी कितना फेकता?"

त्यांना समजवायला अर्धा तास गेला, पण माणूस कारागीर! जुन्या कीबोर्डचं पोट फाडून त्यांनी आतली पट्टी काढली. पेटी म्हणून एका भंगार स्टार्टरचं लोखंडी खोकं घेतलं. बटणंही स्टार्टरचीच, हिरवी आणि लाल. दांडीला ट्रॅक्टरच्या गिअरचा काळा गोळा. मी एकच हट्ट धरला, "रहीमभाई, जड पाह्यजे. पोरगी जोरात मारन, हालली नाई पाह्यजे." त्यांनी बुडाला लोखंडाची जाड पट्टी ठोकली. मी दुकानातच एक बटण दाबून बघितलं. खट्! शेजारच्या सलूनमधला माणूस दचकून मागं वळला. मला तर भरून आलं.

आता इथं आबा येतात. आबा म्हणजे माझे वडील, वय पंचाहत्तर, राहतात आमच्याचकडे आणि रोज सकाळी सायकलनं तीन किलोमीटरवरच्या शेतात जातात. तिथं विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बिघडला होता, तोही दुरुस्तीला रहीमभाईंकडेच. शेताला लाईन, म्हणजे वीज, मिळते ठरलेल्या वेळी. त्या आठवड्यात सकाळी आठ ते दुपारी दोन. त्या सहा तासांत पाणी दिलं नाही तर मिरचीची रोपं माना टाकणार, म्हणून आबा स्टार्टरच्या नावानं रोज घरात फेऱ्या मारत होते.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी रहीमभाईंचा माणूस दोन पिवळ्या पिशव्या ओट्यावर ठेवून गेला. खताच्या रिकाम्या पिशव्या. आमच्याकडे गव्हापासून पाहुण्यांच्या आहेरापर्यंत सगळं त्यातूनच जातं. दोन्हींची तोंडं सुतळीनं शिवलेली, धूळ जाऊ नये म्हणून.

"यातली माही कोनची?" आबांनी विचारलं.

"उसवून पाहा ना," सविता आतून म्हणाली.

"कायले उसवता!" मी पुढं झालो. मी दोन्ही पिशव्या दोन हातांत तोलल्या. (प्रयोगशाळेत रोज वजनं करणारा माणूस!) एक बरीच जड होती, एक हलकी. "हे सोपं हाय. शेतातलं सामान जड राह्यते. जड थो स्टार्टर, हलकी थे स्टिक. घ्या आबा, हे तुमची."

स्टिक जड करा म्हणून चार दिवसांपूर्वी मीच हट्ट धरला होता, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी प्रज्ञाच्या दप्तरातलं गेमपॅड काढून कपाटात ठेवलं. "मन एकाच ठिकाणी पाह्यजे," असं वर तिला सुनावलं.

सकाळी आठची बस धरली. पिशवी मी मांडीवर घेतली होती, मध्येमध्ये थोपटत होतो. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय हो थैलीत?"

"मशीन हाय."

"कायची?"

"लढाईची."

त्यानं तिकीट फाडलं आणि खामगाव येईपर्यंत तो आमच्या बाजूला फिरकला नाही.

कॉलेजच्या हॉलमध्ये पन्नास-साठ पोरं असतील. दोन खुर्च्या, पुढं टेबल, वर मोठा पडदा. प्रज्ञाचा सामना खामगावच्याच एका पोराशी होता, आणि त्याच्या मांडीवर काय असावं? आर्केड स्टिक! विकतची, चकचकीत, दिवे लागणारी. मी प्रज्ञाला कोपरानं ढोसलं. "पाह्यलं? खेळनारे लोक स्टिकच वापरतात." मग सगळ्यांना दिसेल अशा बेतानं आपली पिशवी टेबलावर ठेवली, दातांनी सुतळी तोडली आणि झटक्यात पिशवी खाली ओढली.

टेबलावर मोटारीचा स्टार्टर उभा होता!

अस्सल. तीन फेजचा. एका कोपऱ्यात मुंग्यांनी मातीचं घर केलेलं, आणि कडेला आबांच्या हातचं कुंकवासारखं लाल ग्रीस. मागून कोणीतरी ओरडलं, "काका, बोअर मारता काय इथं?" आणि सगळा हॉल हसायला लागला. सामन्याला वीस मिनिटं, पॅड घरी कपाटात, स्टिक आबांकडे. लॅपटॉप गेला, पोरीचं दीड वर्ष गेलं, आणि सविताला तोंड मीच दाखवायचं होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"जय भीम," आबा म्हणाले. आबांचा प्रत्येक फोन असाच सुरू होतो, घराला आग लागली असती तरी. "काऊन रे, हे कसलं स्टार्टर बनवलं रहीमनं? याले दांडी हाय. चारी बाजूनं फिरते!"

"आबा, ऐका..."

"मी पूर्वेकडं करून पाह्यली, पश्चिमेकडं करून पाह्यली. हिरवं बटन दाबलं. मोटार हूं का चूं करत नाई. आनं वायर एकच हाय, उंदराच्या शेपटीवाणी. आता मले सांग, फेज कुठं जोडू?"

"काही जोडू नका!" मी असा ओरडलो की हॉलमधलं हसू थांबलं. "आबा, हात लावू नका! थे खेळनं हाय! प्रज्ञाचं खेळनं!"

पलीकडून पेटी खाली ठेवल्याचा खण्ण आवाज आला.

"खेळनं विहिरीवर काऊन पाठोलं तुनं?"

आबांनी अजून काही जोडलं नव्हतं, आबा धडधाकट होते, माझ्यावर रागावले होते, आणि यापेक्षा चांगली बातमी मला त्या क्षणी कोणी दिली नसती. मी लगेच रहीमभाईंना फोन लावला. ते आधी पोटभर हसले, मग दुकानातला एक जुना स्टार्टर घेऊन गाडीवर शेताकडे निघाले. मी खुर्चीत बसलो आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"झालं काय बाबा?" प्रज्ञा शांतपणे म्हणाली.

"आबांचं झालं. तुह्यं कसं करू पोरी? माफ कर मले. मी..."

तिनं डब्याची पिशवी उघडली. पोळ्यांच्या डब्याखालून रुमालात गुंडाळलेलं गेमपॅड काढलं.

"थे तं मी कपाटात ठेवलं होतं!"

"मी सकाळी काढलं."

"म्हंजे तू स्टिकवर खेळनारच नव्हती?"

"नाई."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी एवढ्या हौसेनं करून राह्यले होते," ती म्हणाली. "म्हटलं, आनू द्या. टेबलावर ठेवली असती एका बाजूनं."

मला राग यायला हवा होता. पण मला इतकं हलकं वाटलं की मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "जाय" म्हणालो. पोरीनं बापाचं मन राखून वर आपलं डोकंही शाबूत ठेवलं होतं. हे दुसरं तिला आईकडून मिळालं आहे.

सामना सुरू झाला. प्रज्ञा डावीकडच्या खुर्चीवर बसली, तो पोरगा उजवीकडच्या. पडद्यावर डावीकडे एक दाढीवाला पहिलवान, उजवीकडे एक सडपातळ मुलगी. तीनपैकी दोन डाव जिंकेल तो पुढं.

पहिल्याच मिनिटात दाढीवाल्यानं मार खायला सुरुवात केली. काय खाल्ला मार! ती सडपातळ मुलगी उडी मारायची, पाठीमागं उतरायची, दोन लाथा, एक बुक्की, की हा धाडकन खाली. पण खरं सांगतो, दुःखातही माझ्यातला जाणकार जागा होता. शेजारी एका पोराचे वडील बसले होते, त्यांना मी म्हणालो, "पाहा भाऊ, याले म्हणते स्टिक. मनगटाचं काम पाहा. हे पॅडवाल्याले जन्मात जमनार नाई."

"असं काय?" ते म्हणाले.

"मी पोरीले सांगून सांगून थकलो. ऐकत नाई."

पहिला डाव दाढीवाल्यानं घालवला. दुसऱ्यात तो जरा सावरला, मी खुर्चीवरून उठून "मार! मार!" ओरडलो, प्रज्ञानं एकदा वळून माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. मग त्या मुलीनं त्याला कोपऱ्यात दाबला आणि शेवटची लाथ अशी घातली की तो पडद्याच्या बाहेरच गेला. हॉलमध्ये टाळ्या. मी डोळे मिटले. डोळ्यासमोर कपाट दिसत होतं, त्याचं कुलूप दिसत होतं, किल्ली सविताच्या हातात दिसत होती.

प्रज्ञा पळत आली. मी तिला जवळ घेतलं. "जाऊ दे बाई. रडायचं नाई. मी बोलतो तुह्या आईसंगं."

"बाबा, काय झालं? मी जिंकली ना!"

"जिंकली?"

"दोन-शून्य!"

"मंग थो दाढीवाला?"

"थो त्याचा होता. मी उजवीकडची पोरगी. त्याची वायर आधी लागली, म्हनून थो डावीकडं." ती माझ्याकडे नीट पाहायला लागली. "बाबा, तुमी त्याच्यासाठी ओरडून राह्यले होते काय?"

शेजारचे गृहस्थ अतिशय सभ्य होते. त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि खोकल्याची उबळ आल्यासारखं केलं. मी हसायला लागलो, प्रज्ञा हसायला लागली, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते थांबेना. लॅपटॉप वाचला होता. तेवढ्यात रहीमभाईंचा फोन आला, मिरचीला पाणी सुरू झालं होतं. त्या दिवशी सगळं वाचलं, माझी अब्रू सोडून.

पुढच्या फेरीत ती हरली, पण हसत हरली. सविताला फोन लावला.

"जिंकली! पह्यली फेरी जिंकली!"

पलीकडे सुस्कारा ऐकू आला. म्हणजे ही बाईही सकाळपासून श्वास रोखून बसली होती तर!

"तुमी पाह्यलं ना नीट?" तिनं विचारलं. "का नुसते बसून राह्यले?"

"डोळ्यात तेल घालून पाह्यलं," मी म्हणालो. "एकेक लाथ पाह्यली."

हे शंभर टक्के खरं होतं. फक्त त्या लाथा बसत असताना मी कोणाच्या बाजूनं होतो, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.