काळीची दोन घमेली

रेहानाच्या भिंतीबद्दल मी आजवर कुणापाशी बोलले नाही – नवऱ्यापाशीही नाही. तुम्हाला तरी का सांगतेय?

कऱ्हाडहून सांगलीकडे येताना आमचं गाव लागतं. तिथली जुनी मशीद मातीची. एका पावसाळ्यात ती खचली, तेव्हा सिमेंटची बांधा म्हणणारे होतेच. पण मोहरमात पिरांचे पंजे अख्खं गाव नाचवतं, मग मशीद काय एकट्या मुसलमानांची? ठरलं, मातीचीच उभी करायची, घरटी एका माणसानं राबायचं. भिंती पुरुषांनी चढवल्या, लिंपण आम्हा बायकांकडे आलं. नमाजाला जिच्याकडं तोंड करतात ती पश्चिमेची भिंत मानाची. ती मलाच मिळणार, असं मी धरून चालले होते – गावात लिंपण म्हटलं की माझंच नाव निघायचं. दिली रेहानाला. माझी शेजारीण. मैत्रीणच म्हणा.

तेही मी गिळलं असतं. पण माझ्या सासूबाई – लग्न होऊन आल्यापासून ज्यांनी माझ्या भाकरीलाही कधी बरं म्हटलं नाही – त्यांनी रेहानाच्या भिंतीवरून तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "ह्येला म्हंत्यात हात."

माझ्यासमोर. माझा नुसता जळफळाट झाला. तिचे ते हात – खरं सांगू? – मोडावेसे वाटले.

काळी शेताला, पांढरी घराला, हे इकडं पोरासोरांनाही कळतं. काळी माती वाळली की भेगाळते. भिंतीचा शेवटचा थर राहिला होता. रेहाना जेवायला घरी गेली, आणि तिनं भिजत घातलेल्या पांढऱ्या मातीत मी आमच्या उसाच्या रानातली काळी कालवली – दोन घमेली. शेणात रंग लपला.

आठवड्यात भिंतभर भेगा पडल्या, खपल्या सुटल्या. रेहाना सगळ्यांसमोर रडली. "माज्याच हाताला बरकत न्हाई," म्हणाली. तिच्या पाठीवरून हात फिरवत कोण उभं होतं? मीच.

भिंत मग माझ्याकडे आली. चांगली झाली. सासूबाई लांबूनच पाहून गेल्या, तळवा फिरवला नाही.

रेहाना तेव्हापासून मातीला शिवत नाही. स्वतःची चूलही माझ्याकडून लिंपून घेते. दरवर्षी मोहरमाआधी मशिदीला नवा थर देतात, तेव्हा ती पाण्याची कळशी घेऊन माझ्याशेजारी उभी राहते.

"तूच लाव बाई," म्हणते. "तुजा हात लय चांगला हाय."

मी लावते.