टीव्हीकडे गेलेली चाचणी

९ मे. काम: नवा राउटर बसवणे, आणि घरातल्या संगणकावरची चाचणी बाहेरगावाहून उघडते का ते पाहणे.

लातुरात मी भौतिकशास्त्राचा लहानसा क्लास घेते. मोठ्या क्लासचे फलक चौकाचौकात आहेत. माझ्याकडे अकरा मुली. त्यातल्या देवणीच्या मुलीच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, दर आठवड्याला परीक्षेसाठी एसटीनं धाडणं जमंना, अन् खोली करून ठेवणंबी होत न्हाई. घरून होत असंल तर बघा, न्हाई तर क्लास बंद." ही मुलगी आधी विचार करते, मग लिहिते. अशा फार येत नाहीत. म्हणून हा खटाटोप. चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला होती.

जुना राउटर केबलवाल्याचा. त्याच्या सेटिंगला हात लावायची सोय नव्हती. नवा नांदेडहून आणला, नवऱ्याची नोकरी तिथे असल्याने फेरी होतेच. दुकानदार म्हणाला, "ताई, हा न्या. चार दांड्या हायत, रेंज लई."

"रेंज नको मला. बाहेरून कुणी आलं तर त्याला घरातल्या एका ठरावीक संगणकाकडे पाठवता येतं का?"

"त्ये बी होत असंल की."

"असंल नको. खोकं उघडा."

पुस्तिकेत त्याच सोयीचं, पोर्ट फॉरवर्डिंगचं पान सापडल्यावरच पैसे दिले. नवरा बाजूला उभा होता. म्हणाला, "साडी घेताना इतका येळ लावत न्हाईस."

इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता केबलवाल्याच्या आठवडाभर मागे लागून मिळवला होता. राउटरचा मूळ पासवर्ड बदलला. बाहेरून एकच दार उघडं ठेवलं आणि ते संगणकाच्या नंबराकडे वळवलं. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला नंबर देतो, लॉजवर खोली देतात तसा. संध्याकाळी मोबाइलचं वायफाय बंद करून गच्चीवर गेले, कारण घरात बसून उघडलेलं खरं धरता येत नाही. मोबाइलच्या नेटवर चाचणीचं पान उघडलं. मुलीला लिंक पाठवली, सकाळी साडेसहाला एकदा उघडून बघ म्हणून. कंबर धरली होती. पोळ्या तरी करायच्याच होत्या.

जेवताना आभाळ गडगडलं. आमच्याकडे आभाळ वाजलं की घरातले सगळे प्लग उपटतात. कुणी कुणाला विचारत नाही. सासूबाईंनी ताट सोडून उठून फ्रिज, टीव्ही, राउटर, संगणक, सगळ्यांचे प्लग काढले. मी पाहिलं आणि भात वाढून घेतला.

सकाळी प्लग पुन्हा लागले होते. टीव्हीवर इंटरनेटवरून सासूबाईंची बुद्धवंदना सुरू होती. मी संगणक सुरू करून चहा ठेवला तोच देवणीहून फोन. साडेसहा झाले होते.

"मॅडम, उघडंना झालंय."

मागून वडिलांचा आवाज आला, "बगितलं? म्या म्हनलं व्हतं."

राउटरचं पान उघडलं. प्लग पुन्हा लागल्यावर त्याने नंबर नव्याने वाटले होते. टीव्ही आधी सुरू झाला, म्हणून संगणकाचा कालचा नंबर त्याला मिळाला. मुलगी दार वाजवत होती आणि ते दार वंदनेकडे उघडत होतं. नंबर संगणकाच्या नावे कायमचा राखून ठेवायला मी काल विसरले होते. पान समोर असताना विसरले.

तो राखून ठेवला, राउटर आणि संगणक दोन्ही पुन्हा सुरू केले. वंदना मध्येच अडकली.

"काय केलंस गं?" सासूबाई म्हणाल्या.

"दोन मिनिटं, आत्याबाई."

सातला पाच कमी असताना मुलीला फोन लावला. "उघड आता."

"उघडलं, मॅडम."

फोन वडिलांनी घेतला. "मंजे खोली लागत न्हाई?"

"नाही लागत. तिला लिहू द्या, फोन ठेवा."

चहा उतू गेला होता. शेगडी पुसली, दुसरा ठेवला. सासूबाईंनी विचारलं, आभाळ आलं तर आता प्लग काढायचे की नाहीत?

"काढा," मी म्हटलं, आणि चाचणी संपल्यावर राउटरचा प्लग स्वतः एकदा काढून, पुन्हा लावून, मोबाइल घेऊन गच्चीवर गेले.