वत्सलाच्या तारा

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. दिवसभर हेडफोन कानाला. कुणाचं बारसं, कुणाचं भांडण, कुणाचं ‘असाल तसे निघा’, सगळं कानावरून जायचं. त्यातलं काही बाहेर बोलायचं नाही हा नियम होता आणि आम्ही तो पाळला. त्यामुळे आम्ही जुन्या ऑपरेटर बायका अजूनही जमलो की बोलतो ते एकमेकींबद्दलच. आणि कुठूनही सुरुवात झाली तरी गाडी वत्सलाच्या दातांवर येतेच!

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. कर्जतला तेव्हा कॉल हातानं जोडून द्यावे लागत. बोर्डावर आम्ही तिघीचौघी. मी भिसेगावची, वत्सला कडावची. तिचे वडील भातशेती करायचे. ते गेल्यावर घरात ती आणि तिची आई, दोघीच. वय एकतीस, लग्न झालेलं नाही. पुढचे दात एकमेकांवर चढलेले आणि एक सुळा तर जागा न मिळाल्यामुळे वर हिरडीतच फुटलेला. पण आवाज! ती ‘नंबर प्लीज’ म्हणाली की आपला कॉल लागलाच, असं माणसाला वाटायचं.

* * *

खालापूरच्या एका वखारवाल्यांचे रोज परगावी ट्रंक कॉल असत. एकदा कर्जतला काम निघालं म्हणून ते पेढ्यांचा पुडा घेऊन थेट एक्स्चेंजमध्ये आले. “त्या गोड आवाजाच्या बाई कोण? एकदा भेटून आभार मानायचेत.”

वत्सला माझ्या शेजारीच बसली होती. तिनं तोंडावर पदर घेतला आणि माझ्याकडे बोट केलं. मी काही बोलायच्या आत पुडा माझ्या हातात!

“वाटलंच होतं मला,” ते म्हणाले. “आवाजावरून माणूस कळतो!”

ते गेल्यावर मी तिच्यावर चिडले. “अगं, सांगायचं ना खरं काय ते!”

“कशाला गं? उद्या परत त्यांचा फोन येणार हाय,” ती म्हणाली. “मला बघितलं असतं, तर मग आवाज पण तसाच वाटला असता त्यांना.”

पेढा तिनं घेतला नाही.

* * *

पुढे तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “दातांची गर्दी झालीय. मध्ये ब्रश पोचत नाही. नीट घासलेत, अधूनमधून साफ करून घेतलेत, तर हे असेही टिकतील. ओळीत आणायचे असतील तर तारा लावाव्या लागतील. ते काम मुंबईला.”

“या वयात?”

“वयाची आडकाठी नाही. वेळ जास्त लागतो, एवढंच.”

डबा खाताना तिनं हे आम्हाला सांगितलं आणि मग काय, जो तो सल्लागार! आमचे सुपरवायझर गुप्तेसाहेब म्हणाले, “गर्दी झाली की ट्रॅफिक कमी करायचं!” लाइनमन जाधव म्हणाले, “बाई, चालू लाइन कधी उघडू नये. आहे ते पण जातं.”

सगळे हसले. वत्सलाही हसली, पदराआडून. हसता हसता उठून हात धुवायला गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

* * *

त्या रविवारी मी कडावला तिच्या घरी गेले होते. तिची आई पडवीत तांदूळ पाखडत बसली होती. तारांचा विषय निघाला तशी मान वर न करता म्हणाली, “लग्नाच्या वक्ताला कुनी बोललं नाय, हिला तारा लावा म्हनून. चार ठिकानी दावली, चारी ठिकानी दातांवरनं नाय म्हनले. आता कुनाला दावायचं हाय गं?”

वत्सला उठून चहा ठेवायला आत गेली. सुपाचा आवाज तेवढा येत राहिला.

मला एसटीपर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, “आईचं खरं हाय, शालू. कुणाला दाखवायचं नायच मला. बोलताना हा तोंडावरचा उजवा हात मोकळा पाहिजे, एवढंच.”

* * *

दादरच्या डॉक्टरीणबाईंकडे तिच्याबरोबर मीच गेले. बाई वयानं आमच्याएवढ्याच, पण बोलायला एकदम स्पष्ट.

“मोठ्या माणसाचे दात सावकाश सरकतात. दोनेक वर्षं धरून चाला. जागा करायला चार चांगले दात काढावे लागतील. तारा निघाल्यावरही रात्रीची प्लेट लावावी लागेल, नाहीतर दात परत मूळ जागी जायला बघतात. आणि सुरुवातीला जीभ अडखळेल, बोलणं बोबडं होईल. काम काय करता?”

“टेलिफोन ऑपरेटर.”

“म्हणजे बोलायचं काम आहे?”

“बोलायचंच काम आहे.”

बाईंनी हातातला आरसा खाली ठेवला. “मग घाई करू नका. आणि एक सांगा, हे तुम्हाला स्वतःला हवंय, की कुणी म्हणालं म्हणून आलात?”

वत्सलानं पदर तोंडावर घेतला.

“विचार करून या,” बाई म्हणाल्या.

परतीच्या लोकलमध्ये नेरळ गेल्यावर ती म्हणाली, “उत्तर येत होतं गं मला. पण असलं काही मोठ्यानं म्हणायची सवय नाय.”

* * *

दुसऱ्या दिवसापासून तिनं नवाच उद्योग काढला. जिभेखाली खडीसाखरेचा खडा धरायचा आणि बोर्डावर बोलायचं! मधल्या वेळात पुटपुटत बसायची, “सासवड, सिन्नर, सोलापूर, सासवड...”

एका गिऱ्हाइकानं विचारलं, “बाई, सर्दी झालीय का? आल्याचा चहा घ्या.”

तिला इतका आनंद झाला! “बघ, सर्दी वाटली त्यांना. पण नंबर चुकला नाय!”

गुप्तेसाहेबांच्या कानावर हे गेलंच. त्यांनी तिला बोलावून घेतलं. या वेळी ते चेष्टेत बोलत नव्हते. “वत्सला, तक्रारी आल्या तर मला तुला बोर्डावरून उठवून आत बिलांच्या टेबलावर बसवावं लागेल. परत बोर्ड मिळेल असा शब्द मी देऊ शकत नाही. नीट विचार कर.”

ती बाहेर आली, हेडफोन चढवला आणि पूर्ण ड्यूटी एक अक्षर जास्तीचं बोलली नाही. मला वाटलं, संपलं. विषय मिटला. बोर्ड म्हणजे तिचा जीव होता. तिला मान देऊन बोलणारी माणसं तिला तिथेच भेटत होती.

ड्यूटी संपल्यावर ती साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. हात तोंडावर होता, तो तिनं खाली घेतला.

“साहेब, चार दिवस रजा पाहिजे. दात काढायचेत.”

* * *

तारा लावून आली तो पहिला दिवस. गाल सुजलेले, ओठ आतून सोललेले. पहिलाच कॉल घेतला आणि तोंडातून निघालं, “नंबर प्लीथ.”

पलीकडून आधी ‘हॅलो, हॅलो’ झालं. मग, “कोण बोलतंय?”

वत्सलाचा चेहरा उतरला. कॉल माझ्याकडे घ्यावा म्हणून मी हात पुढे केला. तिनं मान हलवली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, “कर्जत एक्थ्चेंज. दातांना तारा लावल्यात. नंबर थावकाश थांगा.”

आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “बरं बरं! घ्या लिहून, सावकाश.”

एकदोन तक्रारी आल्या. साहेबांनी तक्रार करणाऱ्यांना काय सांगितलं ते कळलं नाही, पण बोर्ड तिच्याकडेच राहिला. महिन्याभरात तिचा ‘स’ परत आला.

* * *

तिची आई मात्र तारांबद्दल बरं-वाईट काही बोलली नव्हती. वत्सलाला चावता येत नव्हतं तेव्हा रोज पेज करून द्यायची, भाजी मऊ शिजवायची, तेवढंच. वर्ष होऊन गेल्यावर एकदा दादरला जायच्या दिवशी स्वतःच नेसून तयार झाली. “मी बी येते.”

आम्ही तिघी गेलो. दवाखान्यात ती कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. डॉक्टरीणबाईंनी तारा आवळल्या, वत्सलाच्या हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, “बघा मावशी, लेकीचा सुळा खाली आला. ओळीत बसला.”

आई उठून जवळ आली. वत्सलाच्या खांद्यावरून वाकून तिनं आरशात पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

वत्सला खुर्चीवरून उतरून पिशवी घ्यायला वळली. तेवढ्यात आई त्या खुर्चीवर चढून बसली.

“मावशी, तुम्हाला काय त्रास आहे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“तरास नाय काय.”

तिनं ओठांवरचा पदर खाली केला. इतकी वर्षं मी त्यांच्या घरी जात होते, पण या बाईला तोंड उघडून हसताना मी कधी पाहिलंच नव्हतं. वर हिरडीत, त्याच बाजूला, तसाच सुळा.

“माजं बी बगा,” ती म्हणाली. मग डोळे गच्च मिटले आणि तोंड उघडलं.