न कापलेले कान

माझ्या आत्याच्या एकाही मेंढीचा कान कापलेला नव्हता. बाकीचे मेंढपाळ आपलं जनावर ओळखू यावं म्हणून कोकराच्या कानाला कातरीने खाच पाडतात. आत्याला ते बघवायचं नाही. ती दारं रंगवायचा निळा ऑइलपेंट आणायची आणि प्रत्येकीच्या पाठीवर वाटीएवढा ठिपका काढायची. पस्तीस वर्षं हेच. लोक तिला रंगारीण म्हणायचे. "कान माझा नाही, तिचा आहे," एवढं बोलून ती कामाला लागायची.

माणसांशी मात्र ती एवढी मऊ नव्हती. एकदा मी लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुतला, तर माझ्या नवऱ्यादेखत तिने मला झापलं होतं. "फरशी पुसायचं फडकं वाटलं काय गं? गार पाणी घ्यायचं, चोळायचं नाही, पिळायचं नाही, सावलीत आडवं पसरायचं!" तिचं बोलणं झोंबायचं, पण जन्मात विसरता यायचं नाही.

मी लोकरीच्या गोदामात प्रतवारीच्या टेबलावर बसते. पूर्वी सगळी लोकर जाड कांबळ्यांसाठी जायची, तिथे निळं काय आणि काळं काय. दोन वर्षांपूर्वी व्यापारी बदलला. या नव्याला पांढरीशुभ्र लोकर हवी होती, आणि सोबत जनावराला इजा केलेली नाही असा दाखला. दुसरं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. लोकर गेली नाही तर वर्षाचा चारा कुठून येणार? मग चाळीसच्या चाळीस मेंढ्या खाटकाकडे. हे आत्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

दाखल्यासाठी तपासनीस बाई आल्या. एकेक कान उलटून बघितला. "आजी, एवढे धड कान मी कुठेच पाहिले नाहीत," म्हणाल्या आणि जागेवर सही केली. त्या दिवशी आत्या शेजाऱ्यापाजाऱ्यांशी हसून बोलली, यावरून काय ते समजा.

मग तिची लोकर माझ्या टेबलावर आली. ऑइलपेंट धुण्यात निघत नाही, आणि त्याचा एक कण जरी सुतात गेला तरी अख्खं कापड डागाळतं. नुसता ठिपका कापून भागलं असतं, पण कातरणी करताना वाळलेल्या रंगाचा चुरा सगळीकडे पसरला होता. दोन दिवस मी चिमट्याने वेचत बसले. शेवटी हात टेकले. तशीच पुढे ढकलावी असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण पुढच्या टेबलावर पकडली असती आणि दाखलाही गेला असता. माझ्या आत्याची पोती मीच बाजूला ठेवली.

पोती परत गेल्यावर चार दिवसांनी तिच्याकडे गेले. अंगणात चूल पेटलेली, वर मोठं पातेलं, आणि आत्या वाफाळत्या पाण्यात लोकर साबणाने खसाखसा चोळत होती.

"आत्या, अगं काय करतेस हे! तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे."

"मग?"

"दुसरं काय करू, ते सांग."

तिच्या हातातल्या लोकरीचा आवळून कडक गोळा झाला होता. निळा डाग होता तिथेच होता. मला भयंकर राग आला, पण कुणाचा ते कळेना.

त्या वर्षी दहा मेंढ्या खाटकाला विकून तिने बाकीच्या तिसांचा चारा आणला. मी तिला धुऊन जाणारा रंग आणून दिला. तो एका पावसात गेला आणि तिची तीन जनावरं शेजारच्या कळपात मिसळली. दाखल्यापायी शेजाऱ्यानेही न कापलेल्या कानांच्या मेंढ्या आणल्या होत्या. तो म्हणाला, "खूण दाखवा आणि घेऊन जा." खूण कुठे होती? करायला गेले एक आणि झालं भलतंच.

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, म्हणून मी तपासनीस बाईंनाच मध्ये घातलं.

"आजी, कानात नंबरचा बिल्ला मारा. एकदाच दुखतं. दाखल्याला ते चालतं."

"दाखल्याला चालतं. मेंढीला विचारलंत?"

बाई वाईट नव्हत्या हो. त्यांच्याकडेही दुसरा उपाय नव्हता, एवढंच.

शेवटी आत्याच "आण" म्हणाली, तेव्हा उरलेल्या सत्तावीस मेंढ्या आणि तीन नवी कोकरं, असे तीस बिल्ले आणले. बिल्ला टोचायची पक्कड आत्याला उचलवेना, म्हणून मी घेतली. पहिलं कोकरू तिने गुडघ्यांत धरलं, मान दुसरीकडे वळवली आणि म्हणाली, "झटकन कर."

मी पक्कड दाबली. कोकरू किंचाळलं, उसळून सुटलं, चार पावलांवर जाऊन उभं राहिलं. कानातून रक्ताचा थेंब ओघळला. घाबरलेलं जनावर जातं आपल्या माणसाकडे. ते सरळ परत आत्याजवळ आलं आणि दुखरा कान तिच्याच मांडीला घासू लागलं.

"माझ्याकडे नको रे येऊस," आत्या म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. अजून एकोणतीस बाकी होत्या.