टेबलाखालचे ठोकळे

मी स्वभावानं संशयी माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की लपवलं. बायको म्हणायची, "तुमच्यासमोर देवानं नैवेद्य खाल्ला तरी तुम्ही पंचनामाच करसान." तिचं खोटं नव्हतं. पण पटवाऱ्याची नोकरी महिनाभर करून पाहा. दारात येणारा प्रत्येक माणूस हसतच येतो, आणि त्या हसण्यामागे कुठला तरी सर्व्हे नंबर असतो.

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली होती. सरकार म्हणत होतं, आता तलाठी म्हणा. गाव आपलं पटवारीच म्हणायचं. माझी नेमणूक चिखली तालुक्यात, उंद्रीपासून बैलगाडीनं तासाभरावरच्या एका गावी होती. कचेरी म्हणून वेगळी जागा नव्हतीच. भाड्याच्या घराची पुढली खोली हीच कचेरी: एक सतरंजी, मांडीशी उतरतं डेस्क, दौत-टाक आणि लाल फडक्यात बांधलेला कागदांचा बस्ता. लोक यायचे, समोर सतरंजीवर बसायचे आणि माझ्या टाकाकडे टक लावून पाहायचे. वाचता येणारा दहात एखादा, पण पाहायचे सगळे. एक म्हातारी तर ओळीओळीला विचारायची, "हे माह्यंच हाय ना बाप्पा?" मला त्या पाहण्याचा भारी राग यायचा. अरे, माझ्यावर भरवसा नाही का तुमचा?

दिवसभर मांडी घालून लिहायचं म्हणजे पाठीचा पार भुगा व्हायचा. त्यात एकदा कामानिमित्त तहसिलीत गेलो आणि साहेबांचं टेबल नजरेत भरलं. सागवानी, उंच, वर हिरव्या लोकरी कापडाची बनात, पुढून फळीनं बंद, डाव्या हाताला कुलपाचं ड्रॉवर. साहेब काय लिहितात ते समोरच्याला टाचा उंचावूनही दिसत नव्हतं. मी तिथंच ठरवलं की आपल्यालाही असंच करायचं.

घरी आल्यावर बायकोला जमिनीवर खडूनं आखून दाखवलं. खिडकी डावीकडे, म्हणजे हाताची सावली कागदावर पडणार नाही. खुर्ची भिंतीशी, म्हणजे मागून कोणी डोकावणार नाही. दौतीला खाच, टाकाला पन्हाळी, बस्त्याला मागे फळी, पायाखाली आडवी पट्टी. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"टेबल पाठीसाठी पाह्यजे का मिशीसाठी?" तिनं विचारलं.

मी तिच्याकडेही संशयानंच पाहिलं.

लाकूड मी स्वतः देऊळगाव राजाहून आणलं. एक जुनं घर उतरवत होते, त्यातली सागाची खांडं घेतली आणि पावती मागून घेतली. ती पावती घराच्या भिंतीवर खिळ्याला टांगली. पटवाऱ्याच्या घरी सागवान आलं म्हणजे गावाच्या भुवया वर जाणारच. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी न विचारता ती दाखवायचो. आता आठवलं की हसू येतं. न विचारता पावती दाखवणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?

गावात सुतार एकच. साठीकडे झुकलेला, बोटं लाकडासारखीच खरबरीत, बोलणं मोजकं. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. औतं आणि तिफणी करणं हा त्याचा धंदा, पण पोट होतं ते तीन एकरांवर. ते शेत त्याचं नव्हतं. गावातल्या एका मोठ्या खातेदाराचं शेत तो पंधरा-सोळा वर्षं बटईनं करत होता, म्हणजे कष्ट ह्याचे आणि पीक दोघांत वाटून. कूळकायदा नवा नवा लागू होत होता. कसणाऱ्याचं नाव त्या वर्षीच्या पेरेपत्रकात असेल, तर ते शेत त्याच्या नावावर होण्याची वाट मोकळी होती. पेरेपत्रक म्हणजे कोणत्या शेतात कोणी काय पेरलं त्याचा कागद. आणि तो कागद लिहिणारा मी.

तेव्हा मिस्त्रीला बोलावताना माझ्या मनात पहिला विचार हाच आला, की हा शेताचं बोलणार. आज नाही तर उद्या बोलणार. म्हणून मजुरी आधीच, दोन माणसांसमोर दिली. त्यानं मुकाट्यानं घेतली आणि शेताचा शब्द काढला नाही. मग तर मला जास्तच संशय आला.

माप घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "साहेब, बसा. लिवा काईतरी."

मी डेस्काशी बसून लिहू लागलो. हा माप घ्यायचं सोडून समोर सतरंजीवर बसला आणि माझ्या हाताकडे पाहू लागला. मग जरा डावीकडे सरकला. मग उकिडवा झाला. मग पुन्हा बसला. मी हळूच कागद पालथा घातला. हा माप घेतोय का बस्ता हेरतोय?

"काय पाहून राह्यला रे?"

"काई नाई. बसते कसं माणूस, ते पाहून राह्यलो."

"बसायचं मला आहे. तू तिथं काऊन बसला?"

तो नुसता हसला. मी त्याला तहसिलीतल्या टेबलाचं माप कागदावर लिहून दिलं, टेबलाचे पाय, खुर्चीचे पाय, सगळं. त्या मापाची आठ खांडं माझ्यासमोर कापून घेतली आणि प्रत्येकाच्या एका टोकावर शाईनं सही केली. माझं सागवान जाऊन दुसऱ्याचं कडुनिंब येऊ नये म्हणून. मिस्त्रीनं त्या सह्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खांडं खांद्यावर टाकून निघून गेला. त्याला किती लागलं असेल ते तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

पंधरा दिवसांनी टेबल आलं. काम असं की हात फिरवत राहावं. सांध्यात नख जाणार नाही, कडा गोल केलेल्या, दौतीची खाच अगदी दौतीपुरती. खुर्चीच्या पाठीला त्यानं असा बाक दिला होता की टेकलं की कमर आपोआप सरळ. पण टेबल बुटकं! खुर्चीही बुटकी! पुढली फळी तर बसवलीच नव्हती. पाय उचलून टोकं पाहिली तर माझ्या सह्या गायब.

माझं डोकंच फिरलं. "लाकूड चोरलंस?"

बाहेर बैलगाडीत एक पोतं होतं, ते त्यानं आणून ओतलं. आठ तुकडे, वीतभर वीतभर. प्रत्येकावर माझी सही.

"हे घ्या तुमचं," तो म्हणाला. "बसून तं पाहा साहेब. पाठ दुखणार नाई. अन् पुढच्याले..."

"पुढच्याचं मला सांगू नको! मिस्त्री तू का मी? मी माप लिहून दिलं होतं."

खरं सांगतो, मी बसून पाहिलं होतं, आणि पाठीला इतकं बरं वाटलं होतं की डोळे मिटावेसे वाटले. पण ते कबूल कसं करायचं? ह्यात कुठंतरी पाणी मुरतंय, एवढंच डोक्यात. त्याच आठ तुकड्यांचे मी ठोकळे करवून घेतले, त्याच्याच हातानं, आणि टेबल-खुर्चीच्या पायांखाली बसवले. पुढून फळी ठोकवली. वर हिरवी बनात ओढली. टेबल तहसिलीसारखं उंच झालं आणि माझी पाठ पुन्हा दुखू लागली. पण रुबाब काय होता!

चार दिवसांनी मिस्त्री कसत होता त्या शेताचा मालक आला. बनातीवरून हात फिरवला. "वा! मिस्त्रीनं केलं वाटते. जीव ओतला बुवा त्यानं. फुकट कोणी एवढं करत नाई." जरा थांबून म्हणाला, "मी काई म्हणत नाई. पण लोक बोलून राह्यले."

मी उठून भिंतीवरची पावती दाखवली. तो पावतीकडे न पाहताच गेला. आता मिस्त्रीचं नाव लिहिलं तर गाव काय म्हणेल? टेबलाच्या बदल्यात शेत दिलं!

आणि मी काय पाहिलं होतं? पाहणीला गेलो तेव्हा त्याच तीन एकरांत, कपाशीच्या तासांमधून तण काढायचं डवरं हाकताना मिस्त्रीला मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानं मला मडक्यातलं पाणी दिलं होतं. मालकाचा त्या शेतात पायही दिसला नव्हता.

पेरेपत्रक भरायच्या दिवशी पाच-सहा जण समोर सतरंजीवर बसले होते. मिस्त्रीही होता. मी वर खुर्चीत. त्याच्या शेताचा नंबर आला तसा तो गुडघ्यांवर उठला आणि मान लांबवून पाहू लागला. त्याला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव दिसायला कसं असतं ते त्याला ठाऊक होतं. आधीच्या पटवाऱ्याच्या डेस्कासमोर बसून तो दर वर्षी ते पाहून जायचा.

"खाली बस," मी म्हणालो.

तो खाली बसला. पुढली फळी त्याच्या नाकासमोर आली. मी लिहिलं: कसणार, मालक खुद्द.

"लिवलं ना साहेब?"

"जे लिहायचं ते लिहिलं."

तो हात जोडून गेला. मला वाटलं, मी प्रामाणिक राहिलो. कोणाच्या लाकडाला, कोणाच्या कामाला भुललो नाही. देवाशपथ, मला तेव्हा असंच वाटलं होतं.

पुढल्या उन्हाळ्यात कुळाचं प्रकरण तहसिलीत सुनावणीला आलं. बस्ता घेऊन मीही गेलो. साहेबांनी कायद्यानं धरलेल्या त्याच वर्षाचं पेरेपत्रक उघडलं, वाचलं आणि मिस्त्रीला म्हणाले, "तुझं नाव नाही." मिस्त्री आधी हसला. त्याला वाटलं, साहेबांनी पान चुकीचं काढलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. साहेबांनीही मला विचारलं, "पाहणीत कोण दिसलं होतं?"

एक वाक्य बोलायचं होतं फक्त. पण कागदात एक आणि तोंडात दुसरं म्हटलं, तर माझ्याच नोकरीची चौकशी लागली असती. आणि टेबल होतंच.

"कागदात आहे तेच," मी म्हणालो.

शेत गेलं.

मिस्त्री बाहेर लिंबाखाली बसला होता. मी जवळून जाणार होतो, पण थांबलो. तो रागावला नाही, ओरडला नाही. जमिनीकडे पाहत म्हणाला, "म्हणूनच तं खालतं केलं होतं टेबल. पुढं बसनाऱ्याले टाक दिसला पाह्यजे, साहेब. आमाले वाचता नाई येत. आमी पाहूनच भरवसा करतो."

इतके दिवस मी त्याच्या मनात काय आहे ते शोधत होतो, आणि त्याच्या मनात एवढंच होतं. हरामखोर कोणी असेल तर मी होतो.

अपील कर, मी खरं लिहून देतो, असं मी त्याला म्हटलं. तेव्हा माझी खरंच तयारी झाली होती. त्यानं मान हलवली. "कागदाच्या मागं आता नाई पळत," म्हणाला. मी दोनदा निरोप पाठवला, तरी आला नाही.

शेवटी ठोकळे काढून द्यायला ये, एवढाच निरोप धाडला. त्या कामाला मात्र आला. पटाशी आणि हातोडी घेऊन टेबल आडवं केलं, आठही ठोकळे उपटले, पुढली फळी काढली. टेबल पुन्हा बुटकं झालं. बायको आतून बघत होती. मी मजुरी पुढे केली तर त्यानं हात मागे घेतला.

मग तो समोर सतरंजीवर बसला, जिथं माप घेताना बसला होता, तिथंच.

"लिवा," तो म्हणाला.

"काय?"

"माह्यं नाव. कुठीबी लिवा. मले पाहाचं हाय."

मी कोरा कागद घेतला. मोठ्या अक्षरांत त्याचं नाव लिहिलं. तो पुढे वाकून टाकाच्या टोकाकडे पाहत होता. बुटक्या टेबलावर त्याला सगळं नीट दिसत होतं, काना, मात्रा, सगळं.

"एवढंच लिवाचं होतं?" त्यानं विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो.

तो उठला, पटाशी पिशवीत टाकली आणि निघून गेला. कागद तिथंच राहिला.

त्या टेबलावर मी पुढे बावीस वर्षं लिहिलं, आणि माझी पाठ कधी दुखली नाही. ठोकळे फेकवले नाहीत. आजही कोपऱ्यात पडून आहेत. त्या आठही तुकड्यांवर सही माझी आहे.