बाबांची गाठ

धक्क्यावर बाबांनी माझा उजवा हात हातात घेतला आणि बोटं एकेक करून दाबून पाहिली. लाकडी ट्रंकेचं कुलूप पाहावं तसं. आई रडत होती. बाबा म्हणाले, "झिला, बोटां जप. पोट काय, कसाय भरता."

मी काळाचौकीचा. गिरणीच्या टीमचा लेगस्पिनर. रविवारी मॅटिंगच्या पिचवर बॉल टाकायचो आणि उरलेले दिवस गिरणीच्या गोदामात हजेरी लावायची. आमच्याविरुद्ध खेळलेल्या एका गोऱ्या साहेबाने माझं नाव त्याच्या इंग्लंडातल्या, लँकशरमधल्या गावी कळवलं. तिथल्या क्लबाला पगारी बोलर हवा होता. चाळीने मला हार घातले. खरं सांगायचं तर त्या हारांखाली मला भीतीच वाटत होती.

भीती बोलिंगची नव्हती. ते वर्ष संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचं होतं. जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा बाबा मोर्चात होते, आणि ते घरी येईपर्यंत आई उंबऱ्यावरून हलली नव्हती. मी मार्चमध्ये निघालो. "तुम्ही आता मोर्चाला जाऊ नका," असं त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. मी स्वतःच पळून चाललो होतो, मग कुठल्या तोंडाने सांगणार?

बाबांना लिहिता येत नव्हतं. ते साच्यावर, म्हणजे गिरणीच्या मागावर, विणकर. तुटलेलं सूत चालत्या साच्यापाशी जोडायचं, तेही अशा गाठीने की कापडात ती दिसता कामा नये. बाबांची गाठ तिळाएवढी, आणि टोकं अगदी गाठीशी कापलेली. आगबोट सुटण्याआधी त्यांनी मला उपाय सांगितला. "माका लिवूक येना नाय, पण गाठ मारूक येता. मास्तरांच्या पत्रात सूत घालतलंय. गाठ बघलंस की समज, बापूस बरो आसा."

शेजारचे मास्तर पत्र लिहायचे आणि पत्राच्या घडीत ते सूत यायचं. इकडे एप्रिलमध्येसुद्धा बोटं बधिर होत. ओल्या गवतावर चेंडू हातातून निसटायचा, मॅटिंगवरची फिरकी कुठे गेली कळेना. पहिल्या चार मॅचेस मी भरपूर मार खाल्ला. घरमालकीणबाई पूर्वी इथल्या गिरणीत विणकाम करायच्या. त्या भाजलेला गरम बटाटा फडक्यात गुंडाळून माझ्या पँटच्या खिशात घालत, ओव्हर संपली की मी त्यावर हात शेकायचो. सूत दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून गाठ पाहिली आणि मान डोलावली. बाबांच्या कामाची अशी तारीफ मुंबईत कुणी केल्याचं मला आठवत नाही.

पावसाळ्यातलं एक पत्र आलं. मजकूर नेहमीचा, सर्व खुशाल. पण सुताची गाठ जाड होती आणि दोन टोकं मिशांसारखी बाहेर. मला ती लगेच ओळखू आली. आई वायंडिंग खात्यात सुताच्या कांड्या भरायची, तिथे बायका अशीच गाठ मारत. ही आईची गाठ होती.

मग बाबा कुठे होते?

 तुरुंगात असतील, असं स्वतःला समजावलं. तेव्हा तुरुंग ही चांगली बातमी वाटली, यावरून काय ते समजा. दुसरी शक्यता मनात येऊ द्यायची नाही म्हणून अंघोळीच्या टबात बसून मोठमोठ्याने भजनं म्हटली. त्याच दिवशी मास्तरांना लिहिलं, "ही गाठ बाबांची नाही. खरं कळवा, नाहीतर मी निघतो." उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या तीन शनिवारी मी बॉल टाकले. भीतीने हात इतका जोरात फिरे की विकेट्स पडल्या, आणि लोकांनी खांद्यावर थापा मारल्या. मी मात्र पोस्टमनची वाट बघत होतो.

उत्तर आलं. पाकीट फोडलं, आधी सूत पाहिलं. तिळाएवढी गाठ, टोकं कापलेली. मास्तरांनी लिहिलं होतं, बाबा तेव्हा गावी गेले होते. मी खाटेवर बसून ढसाढसा रडलो. पुढे दोन वर्षं प्रत्येक पत्रात तीच गाठ आली आणि मी निर्धास्त खेळलो. हिवाळ्यात इथल्याच गिरणीत काम केलं, भाडं वाचवलं.

दोन वर्षांनी घरी गेलो. बाबा धक्क्यावर आले होते. त्यांनी माझी ट्रंक डाव्या हाताने उचलली. उजव्या हाताची दोन बोटं ताठ, काड्यांसारखी. मोर्चात लाठी बसली होती, त्याच पावसाळ्यात. साच्यावरचं काम गेलं, गिरणीने त्यांना दरवाजावर राखणीला बसवलं होतं.

मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "आठ दीस माका शिकवल्यान तुझ्या बापाशीन. गाठ जाडी झाली काय परत सोडूक लावी."

बाबा हसले. "तुका कळला असता तर पयली बोट धरून इलं असतंस."

मी खरंच आलो असतो का? अजूनही रात्रंदिवस हाच प्रश्न छळतो, आणि उत्तराची भीती वाटते. पुन्हा निघताना मी आईला एवढंच म्हणालो, "आये, यापुढे तुझीच गाठ मार."

काळाचौकीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, घर म्हणजे काय असं इथे मला कुणी विचारलं तर मी काळाचौकीचा पत्ता सांगत नाही. जिथलं पाकीट फोडताना मी आधी सूत शोधतो, ते माझं घर.

यंदा मे महिन्यात पत्र आलं. मुंबई महाराष्ट्राला मिळाली, चाळीने पेढे वाटले, बाबा मिरवणुकीत होते. सोबत सुताचे दोन तुकडे. एकावर आईची जाड गाठ. दुसऱ्यावर एक ढिली, वाकडी गाठ, टोकं लोंबत असलेली. बाबांनी ती डाव्या हाताने मारली होती.

घरमालकीणबाई म्हणाल्या, ओढून बघ, टिकते का. मी ओढली नाही. सुटली तर?